शिकलेलं लेकरू पुन्हा चड्डीत करायला लागलं तर
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

हप्ते, व्याज, कर्ज झालं. आता जरा दुसरं बोलू. हा विषय बैठकीत कोणी मोठ्यानं काढत नाही, पण चपला घालताना बाजूला घेऊन विचारतात. तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू. "आई, शी आली" असं नीट सांगायला लागलं होतं. आणि आता महिनाभर पुन्हा चड्डीत. घरातले म्हणतात, लाडावलंय, मुद्दाम करतंय. मग धपाटा, नाहीतर चटक्याचा धाक.

मुद्दाम नाही हो करत. घरात धाकटं बाळ आलं, अंगणवाडी सुरू झाली, आई ऊसतोडीला गेली नि लेकरू आजीपाशी राहिलं, मोठं दुखणं झालं, की शिकलेलं मागं पडतं. बहुतेकदा आपोआप परत येतं. आणि रात्री अंथरुणात शू होणं तर पाच वर्षांपर्यंत आजारात धरतच नाहीत.

खरं फसवतो तो खडा. घट्ट शी होताना एकदा दुखलं की लेकरू धसका घेतं. शी आली की दाराआड जातं, पाय आवळतं, टाचा उचलतं, लालबुंद होतं. आपल्याला वाटतं कुंथतंय. ते तर धरून ठेवतंय! आत साचलेलं आणखी कडक होतं आणि त्याच्या कडेनं पातळ पाझरून चड्डीला लागतं. लेकराला ते कळतसुद्धा नाही. आपण म्हणतो जुलाब लागले, नि जुलाब बंद व्हायचं औषध आणतो. झालं, उलटंच! साचलेल्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो, म्हणून दिवसा शूही सुटते.

तेव्हा आधी बघा, शी किती दिवसांनी होते, कशी होते. पाणी, पालेभाजी, वरण-भाकरी, पपई, पेरू वाढवा. चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांची पुडी कमी करा. जेवल्यावर आतडं हलतं, म्हणून जेवणानंतर पाच मिनिटं बसवा. झाली नाही तरी रागवू नका. एरंडेल पाजू नका, साबणाची कांडी घालू नका. डॉक्टर शी मऊ करायचं औषध देतात. ते त्यांनी सांगितलं तितके दिवस द्या. दोनदा नीट झाली म्हणून आपल्या मनानं बंद केलं, की खडा परत धरतो.

आपल्या संडासाचं भांडं मोठ्यांच्या मापाचं. लेकराला आत पडायची भीती वाटते, अंधाराचीही. दार उघडं ठेवा, हात धरा. नाहीच बसलं तर तान्हेपणी बसवत होतात तसं पायांवर बसवा, आणि शी उचलून संडासात टाका. हात दोघांचेही साबणानं धुवा.

शीत रक्त, पोट फुगून उलट्या, लघवीला जळजळ आणि ताप, असं दिसलं तर दवाखाना गाठा. आणि लेकरू एकाएकी सारखं पाणी मागतंय, सारखी शू करतंय, वाळत चाललंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान लेकरांनाही साखरेचा आजार होतो आणि तो झपाट्यानं चढतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण यासाठी त्याची वाट बघू नका.

उद्यापासून लेकराच्या पिशवीत दोन चड्ड्या जास्तीच्या ठेवा. सेविकाताईंच्या कानावर घाला, पण लेकरासमोर नको, इतर पोरांसमोर तर नकोच.