घरातले पिस्तूल आणि गच्चीचा कठडा

(आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी मंडळाने दिलेला विषय असा आहे: सामान्य नागरिकाने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगावे काय, आणि राज्यसंस्थेने त्यावर किती निर्बंध घालावेत? वीस वर्षांपूर्वी या सभागृहात हा विषय कोणी काढला नसता. आज तो काढावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसची निवड ते यहुदी घर होते म्हणूनच झाली. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर इस्राएलमध्ये पिस्तुलाच्या परवान्याचे नियम सैल करण्यात आले आणि लाखो नागरिकांनी अर्ज केले. अश्दोद, लोद, बेर-शेवा, दिमोना येथील आपल्या आप्तांशी बोलताना हा विषय हटकून निघतो. मग आपल्यातील तरुण विचारतात, 'आपणही अर्ज का करू नये?' हा प्रश्न उतावळेपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे आई-वडिलांची आणि मुलाबाळांची काळजी आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. बेने इस्राएल समाजाला शस्त्र परके नाही. मुंबईचे पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतील अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या त्या योद्ध्याने देवाचे घर उभारले. त्यांच्यानंतर पिढ्यानपिढ्या आपले पूर्वज मुंबईच्या पलटणींत सुभेदार, जमादार झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलात बेंजामिन सॅमसन हे व्हाइस अॅडमिरल पदापर्यंत पोहोचले. मात्र या सर्वांचे शस्त्र पलटणीचे वा आरमाराचे होते. ते मोजून हाती येई आणि मोजून परत जाई. ते कोणावर व का उचलले, याचा जाब विचारणारा कोणीतरी वर असे. शयनगृहातील कपाटात कपड्यांखाली ठेवलेल्या पिस्तुलाची स्थिती अगदी निराळी आहे, आणि आजचा वाद त्या पिस्तुलाविषयी आहे.

आता कायद्याकडे वळू. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये शस्त्र अधिनियम केला. त्यात भारतीयांना परवाना सक्तीचा होता आणि युरोपीयांना मोकळीक होती. या अपमानाची आठवण स्वातंत्र्य चळवळीने जपली. १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे काँग्रेसने म्हटले होते. त्याच परंपरेला अनुसरून डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो दरोडेखोरालाही मिळेल, हा त्यांच्या उत्तराचा रोख होता. अखेर संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आला तो एवढाच, की नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे.

आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्यानुसार परवाना ही राज्याने चौकशीअंती दिलेली मुभा ठरते. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ती देतात आणि काढूनही घेतात. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी घातली आहे. कागदावर हा कायदा सैल म्हणता येणार नाही.

तरीही व्यवहारात काय घडते? ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरील थेट प्रक्षेपण चालू असतानाच गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही गोळी घातली. तपासात उघड झाले की पिस्तूल त्याचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता. ज्याची चौकशी करून परवाना दिला, त्याच्या हातून ती गोळी सुटलीच नाही. त्याच्या सहा दिवस आधी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द पोलीस निरीक्षकांच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. त्याचा आरोप तेव्हाच्या एका आमदारावर आहे. पोलीस समोर असतानाही रागाच्या त्या क्षणी हाताशी पिस्तूल होते.

तिसरे उदाहरण बीडचे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. ती मारहाणीने झाली, पिस्तुलाने नव्हे. परंतु त्या निमित्ताने साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष बीडमधील शस्त्रपरवान्यांकडे गेले. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले. कमरेला पिस्तूल खोचून मिरविणाऱ्यांच्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या. प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्या शस्त्रांची खरोखर गरज असती, तर ती इतक्या सहज काढून घेता आली असती काय?

बीडच्या त्या चित्रफिती पाहताना मला मिश्नामधील एक वाद आठवतो. शब्बाथ या प्रकरणाच्या सहाव्या अध्यायात प्रश्न आहे की शब्बाथच्या दिवशी तलवार, धनुष्य, ढाल घेऊन बाहेर पडावे काय. रब्बी एलिएझर म्हणतात, ही तर पुरुषाची भूषणे, अंगावरच्या दागिन्यासारखीच. इतर हाखामीम त्यांना उत्तर देतात की ही भूषणे नव्हेत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि आधार देतात यशया संदेष्ट्याचा, जिथे तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचा दिवस वर्णिला आहे. लक्षात घ्या, हाखामीम शस्त्राची गरज नाकारीत नाहीत. शस्त्राची मिरवणूक त्यांना अमान्य आहे. नाइलाजाने घ्यावी लागणारी वस्तू प्रतिष्ठेची झाली, की तिच्यावरचे बंधन सुटते.

स्वसंरक्षणाविषयी आपला धर्म दुबळेपणा शिकवीत नाही. जो तुला ठार मारण्यास येतो, त्याच्या आधी उठून त्याला ठार कर, असे ताल्मूद सांगतो. परंतु हे वचन ज्या चर्चेत आले आहे ती निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील घरफोड्याविषयीची आहे, आणि तिथे तोरा एक भेद करते. रात्री भिंत फोडून शिरलेल्या चोराला घरधन्याने मारले तर त्याच्यावर रक्तदोष नाही. तेच सूर्य उगवल्यावर केले तर रक्तदोष आहे. आपल्या शास्त्रकारांनी या सूर्याचा अर्थ असा लावला की धोका उन्हासारखा स्पष्ट असला पाहिजे. मारण्याची मुभा आहे, पण ती खात्रीच्या एका अरुंद दारातून जाते. अंधारात, अर्धवट झोपेत, घाबरलेल्या मनाने ती खात्री कितीदा होते? दाराशी चोर असतो, तसा उशिरा परतलेला मुलगाही असू शकतो.

दुसरी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. ताल्मूदमध्ये रब्बी नाथान या आज्ञेचा विस्तार करतात: घरात चावरे कुत्रे पाळू नये आणि मोडकी शिडी ठेवू नये. चावरे कुत्रे चोरालाही चावते, हा युक्तिवाद त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण कुत्रे घरात रोज असते आणि चोर क्वचित येतो. पिस्तुलाचा हिशेबही याच रीतीने मांडावा लागतो. परक्याची ती एक रात्र डोळ्यांसमोर ठेवून आपण ते घरी आणतो. नंतरच्या हजारो रात्री ते आपल्याच माणसांच्या सोबतीला असते. त्यांत नवरा-बायकोचे भांडण असते, परीक्षेत नापास झालेला मुलगा असतो, कर्जाने खचलेला बाप असतो, कपाट उघडून पाहणारे नातवंड असते.

हा केवळ तर्क नाही. इस्राएली सैन्याने २००६ मध्ये नियम केला की आठवड्याअखेरीच्या सुटीत घरी जाणाऱ्या सैनिकांनी शस्त्र छावणीतच ठेवावे. त्यानंतर तरुण सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतील होती. मुले तीच होती, त्यांची दुःखेही तीच होती. फक्त त्या अवघड रात्री हाताशी बंदूक नव्हती.

तेथील खासगी सुरक्षारक्षकही पूर्वी काम संपल्यावर पिस्तूल घरी नेत. २००२ पासूनच्या दशकभरात अशा पिस्तुलांनी ३० हून अधिक जणांचे बळी गेले; त्यांत रक्षकांच्या बायका आणि घरची माणसे होती. २०१० मध्ये स्त्रीसंघटनांनी एकत्र येऊन चळवळ उभारली आणि तिचे नाव ठेवले 'स्वयंपाकघरातील मेजावरची बंदूक'. २०१३ मध्ये नियमाची अंमलबजावणी झाली आणि शस्त्रे कामाच्या ठिकाणीच राहू लागली. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये यरुशलेमच्या हार नोफ भागातील सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या वेळी हत्याकांड झाले आणि नियम पुन्हा सैल झाले. समाजाचे मन कसे हेलकावते, ते यावरून दिसते.

आता विरुद्ध बाजू, तिच्या पूर्ण बळासह मांडली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यरुशलेमच्या वेशीवर बसथांब्यावर दोन हल्लेखोर गोळ्या झाडीत होते. युवाल कास्टेलमान नावाचे वकील आपली गाडी थांबवून उतरले आणि परवान्याच्या पिस्तुलाने त्यांनी हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. त्यांचे धैर्य कोणीही नाकारू शकत नाही. परंतु पुढच्याच क्षणी एका राखीव सैनिकाने त्यांनाच हल्लेखोर समजून गोळी घातली. त्यांनी शस्त्र टाकले होते, हात वर केले होते, तरीही ते वाचले नाहीत. एकाच प्रसंगात सशस्त्र नागरिकाचा उपयोगही दिसतो आणि त्याचा धोकाही.

दुसरा आक्षेप असा की गुन्हेगार परवाना मागत नाही. त्याला गावठी कट्टा मिळतो, आणि निर्बंध फक्त सरळ माणसाला जाचतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते, हेही कोणी दाखवून देईल. आक्षेपात तथ्य आहे. बेकायदा शस्त्रांचा बंदोबस्त हे सरकारचे वेगळे आणि मोठे काम आहे, आणि परवाने कमी केल्याने ते आपोआप होत नाही. पण परवान्याचे पिस्तूल चोरीला गेले की तेही बेकायदाच होते. शिवाय जिथे सोबत असलेला प्रशिक्षित शिपाईही वाचवू शकला नाही, तिथे वर्षातून एकदा सराव करणारा आपल्यासारखा माणूस काय करील?

जंगलालगतच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कायदा बंदूक देतो. ती मुभा राहिलीच पाहिजे. ज्याच्या जिवाला खरोखर नेमका धोका आहे, त्याचा अर्जही सहानुभूतीने पाहिला जावा. माझे म्हणणे इतकेच आहे की गरज सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असावा, आणि ती गरज ठराविक मुदतीने पुन्हा तपासली जावी. निवडणुकीच्या काळात पोलीस परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात, हे आपण दरवेळी पाहतो. मतदानाच्या शांततेसाठी जे करता येते, ते घराच्या शांततेसाठी का करता येऊ नये?

म्हणून आपल्या समाजापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, सिनेगॉगचे रक्षण पोलिसांनी आणि प्रशिक्षित, नेमलेल्या रक्षकांनी करावे. त्यांच्यासाठी आपण सढळ हाताने खर्च करावा. लांब सुरा घेऊन सिनेगॉगमध्ये शिरू नये, असे काही शास्त्रकारांचे मत शुल्हान आरुखमध्ये नोंदले आहे, कारण प्रार्थना आयुष्य वाढविते आणि सुरा ते तोडतो. जीवरक्षणासाठी रक्षकाला सूट आहे. आपल्या खिशातील पिस्तुलाला मी ती मागणार नाही. दुसरी, रक्षकाचे शस्त्र पाळी संपल्यावर त्याच्या घरी जाऊ नये, अशी अट कराराच्या वेळीच घालावी. तिसरी, ज्यांच्या घरी वडिलोपार्जित वा परवान्याचे शस्त्र आहे, त्यांनी ते कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. घरात कोणी मनाने खचले असेल, कलह असेल किंवा परवानाधारकाचे निधन झाले असेल, तर ते पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. कायद्यात त्याची सोय आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

नरिमन हाऊसमधून दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या बाईंनी उचलून बाहेर आणले, तेव्हा त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. हल्ल्याच्या पहिल्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती, आणि त्यांनी प्राण देऊन कसाबला पकडून दिले. रिकाम्या हातांनी सर्व संकटे टळतात, असा याचा अर्थ मी काढणार नाही. त्या रात्री पोलिसांकडे अधिक चांगली शस्त्रे असायला हवी होती, हे सर्वमान्य आहे. ती पोलिसांकडे असावीत, त्यांची मोजदाद व्हावी आणि त्यांचा जाब विचारला जावा, हीच माझी मागणी आहे. अर्जाचा कागद हाती घेण्यापूर्वी आपल्या घरातील प्रत्येक माणसाचे नाव मनात घ्या, आणि त्या प्रत्येकाच्या सर्वांत वाईट रात्री ते पिस्तूल घरात असावे काय, याचे उत्तर स्वतःला द्या.

 ज्यांचे मत वेगळे आहे, त्यांनी चहाच्या वेळी अवश्य बोलावे. शालोम.