निरोपाची तारीख



पत्रिकेत ‘हिवाळा सरताना पुण्याचे पक्षी’ असा विषय छापला आहे. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांचं काम या सभागृहाला नवं नाही, तेव्हा स्थलांतर म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही. कोकीळ, तांबट, पावशा आपण सगळे रोज ऐकतो आहोत. चक्रवाकाच्या विरहाची कथाही पाठ आहे. मला बोलायचं आहे ते निघून जाणाऱ्यांबद्दल.

गणपतीच्या सुमारास ओढ्याकाठी करडा धोबी शेपूट हलवताना दिसला, की तासाभरात फोन सुरू होतात: ‘आला!’ तोच धोबी मार्च-एप्रिलमध्ये जातो तेव्हा एकही फोन येत नाही. (हशा) आपल्या नोंदींतलं सर्वांत मोठं भगदाड हेच आहे, मंडळी. राज्याचा पक्षिसप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. परसातली पक्षिगणना फेब्रुवारीत, चार दिवस. दोन्ही वेळा पाहुणे घरातच असतात. पुढे ऊन तापतं, कवडीच्या पुलावरची गर्दी ओसरते आणि दुर्बिणी कपाटात जातात.

उदाहरणादाखल भोरडी घेतो. दोनच मिनिटं.

ही पावसाळ्यातच येऊ लागते. ज्वारी हुरड्यात आली की मंगळवेढ्याकडे माळ्यावर गोफण घेऊन माणूस उभा राहतो, तो हिच्यासाठी. थवा उठतो, वळतो, पुन्हा शेजारच्या पट्टीत उतरतो. शेतकऱ्याचा राग रास्त आहे. वर्षाचं धान्य आहे त्याचं. मात्र हीच भोरडी फेब्रुवारीत सावरीवर, पळसावर, पांगाऱ्यावर बघा. चोच फुलात खुपसून मध पिते, कपाळ परागांनी माखतं आणि तसंच पुढच्या झाडावर जातं. शरदातल्या नव्या पिसांना मळकट कडा असतात. त्या हळूहळू झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. मार्चअखेरीचा थवा म्हणूनच ऑक्टोबरच्या थव्यापेक्षा झळझळीत दिसतो. मग ती निघते, मध्य आशियातल्या गवताळ मुलखाकडे. तिथं टोळ आणि नाकतोडे मुबलक झाले, की दगडांच्या कपारींत हजारो जोड्या एकदम घरटी करतात. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांना आवर घालायला तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. इथं जिला गोफणीनं हाकलतात, तिची तिथं वाट पाहतात! (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: दहा मिनिटं. म्हणजे उजनीचे पट्टकदंब राहिले, पाषाण तलावावरची बदकंही राहिली. पण मुख्य मुद्दा सोडणार नाही.

इथल्या पक्ष्याला तिकडचं हवामान कळत नाही. निघण्याचा इशारा त्याला प्रामुख्यानं वाढत्या दिवसाकडून मिळतो. तिकडचा वसंत लवकर येऊ लागला, तर हा पोचेपर्यंत अळ्यांचा भर ओसरलेला असतो. नेदरलँड्समध्ये घरटी करणाऱ्या, आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या माशीमारांबाबत बोथ आणि व्हिसर यांनी 2001 मध्ये हेच दाखवलं: अंडी घालण्याची वेळ थोडी अलीकडे सरकली, पण पुरेशी नाही. आपले पक्षी आपली निघण्याची वेळ बदलत आहेत का? हे सांगायचं तर शेवटच्या दिवसाच्या नोंदी हव्यात, आणि त्या इथंच होऊ शकतात.

(श्रोत्यांतून : म्हणजे गैरहजर पक्ष्यांची हजेरी घ्यायची?) (हशा)

होय, अगदी तेच! पक्षी आला हे एका दर्शनात सिद्ध होतं. गेला हे सिद्ध व्हायला पुढचे रिकामे दिवस लागतात. तो दिसेनासा झाल्यावरही त्याच ओढ्यावर, त्याच वेळी जाऊन उभं राहावं लागतं. ‘काहीच दिसलं नाही, मग लिहायचं काय?’ असं मला दर वर्षी विचारतात. जागा लिहा, तारीख लिहा, किती मिनिटं थांबलात ते लिहा, दिसलेले सगळे पक्षी लिहा, कावळा-साळुंकीसुद्धा. यादी पूर्ण असली तरच तिच्यात धोबी नसण्याला अर्थ येतो. यात कंटाळा आहे, मान्य करतो. छायाचित्र मिळत नाही, कौतुकही होत नाही. तरीही शंभर सुंदर छायाचित्रांपेक्षा अशी एक वही मला मोलाची वाटते. हे ऐकून इथल्या छायाचित्रकार मित्रांनी रागावू नये. त्यांच्या छायाचित्रांवरची तारीखसुद्धा मला हवीच आहे.

दुसरी चिठ्ठी आली. एवढंच सांगतो: सगळे गेलेले नाहीत. झुडपांत, कुंपणांत ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज देणारा ब्लिथचा वटवट्या मेच्या सुरुवातीपर्यंत भेटू शकतो. तो सहसा दिसत नाही, ऐकू येतो. दुर्बीण नसली तरी चालेल. आपल्या सोसायटीचं कुंपण निवडा, सकाळी दहा मिनिटं थांबा आणि आवाज बंद झाल्यावरही आठवडाभर जात राहा. वह्या पावसाआधी माझ्याकडे द्या. मी दाराशी थांबतो, नावं तिथंच लिहून घेतो.