खोडरबर आणि कोसळणारा ब्राउझर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "आपापल्या कामाबद्दल प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं आहे." मी घाबरलेच. ज्यांची शेती आहे, दवाखाना आहे, दुकान आहे, त्यांना दाखवायला काहीतरी असतं. माझं काम दिसत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे एवढं कळल्यावर आज सकाळपासून तिघांनी माझ्या हातात मोबाईल दिला, "हा सारखा हँग का होतो बघ ना जरा." एकाचा बघितला, त्यात गुड मॉर्निंगचे फोटो गच्च भरले होते. उरलेल्या दोघांचे जेवणानंतर बघते.

गंमत अशी की माझी नोकरी तीच आहे. एखादी गोष्ट मध्येच बंद का पडते, ते शोधायचं. अशाच एका शोधाची गोष्ट सांगते. तिच्यात आपली विज्ञानाची प्रयोगशाळा येते आणि माझी एक चूकही येते.

हिंजवडीतल्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे रुग्णालयांच्या लॅबसाठी लागणारं सॉफ्टवेअर बनतं. रक्ताची तपासणी झाली की तिचे आकडे आणि आलेख वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये दिसतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती रुग्णालयात जाण्याआधी तिचं व्हॅलिडेशन करावं लागतं. शिंप्याने मापाप्रमाणे कपडा शिवला का, ही एक तपासणी. तो घालून माणसाला नीट उठता-बसता येतं का, ही दुसरी. व्हॅलिडेशन म्हणजे ही दुसरी तपासणी. तिचा अहवाल बनतो, त्याखाली सही लागते, आणि आमच्या गटात ती सही माझी असते.

तीनशेच्या वर चाचण्या असतात. त्या हाताने करत बसलो तर महिना जाईल. म्हणून सेलेनियम नावाचं साधन वापरतो. ते माणसासारखा ब्राउझर उघडतं, बटणं दाबतं, आकडे बरोबर आले का ते बघतं. रात्री चालू करून घरी जायचं, सकाळी निकाल बघायचा. पास झाली ती चाचणी हिरवी, नापास झाली ती लाल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काही सकाळी तीन-चार चाचण्या लाल दिसायला लागल्या. आकडे चुकलेले नसायचे. मध्येच ब्राउझरचं पानच कोसळलेलं असायचं. त्याच चाचण्या पुन्हा चालवल्या की हिरव्या. आज या चार, उद्या दुसऱ्या तीन. आणि माझ्या लॅपटॉपवर चालवल्या तर एकदाही काही व्हायचं नाही.

गटातल्या एका तरुण सहकाऱ्याने तोडगा काढला. चाचणी पडली तर ती आपोआप आणखी तीनदा चालवायची, आणि त्यात एकदा जरी पास झाली तरी हिरवी धरायची. तो म्हणाला, "मॅडम, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही नाहीये, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." मुदत जवळ आली होती. मी होकार दिला. त्यानंतर दोन आवृत्त्यांचे अहवाल शंभर टक्के हिरवे गेले, आणि दोन्हींखाली माझी सही आहे.

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी अहवाल समोर होता, पेन हातात होतं, आणि मला नववीतला ओहमच्या नियमाचा प्रयोग आठवला.

आठवतोय ना? बॅटरी, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि तारांचा गुंता. व्होल्टला अँपिअरने भागायचं, उत्तर दर वेळी जवळजवळ सारखं यायला हवं. आमच्या टेबलावर पाचपैकी चार रीडिंग छान जुळली. चौथं भलतंच आलं. मी खोडरबर घेतला, ते पुसलं आणि जुळणारा आकडा लिहिला. सरांनी प्रयोगवही उचलली आणि ते पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. पुसलेला आकडा स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, आता छडी. सर एवढंच म्हणाले, "रीडिंग पुसायचं नाही. त्यावर एक रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी तारीख घाल. आणि ते असं का आलं ते शोध." मग डबे खाण्याच्या सुट्टीत मला तिथेच थांबवून ठेवलं. अर्ध्या तासाने सापडलं: अ‍ॅमीटरच्या एका टोकाचा स्क्रू सैल होता. तार हलली की आकडा बदलायचा. उरलेली चार रीडिंगसुद्धा नशिबानेच जुळली होती.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं, की व्हॅलिडेशनच्या कागदावर व्हाइटनर चालत नाही. एक रेघ, सही, तारीख आणि कारण. बाकी सगळे लिहून घेत होते. मला ते आधीच येत होतं.

आणि आता तीच मी मशीनकडून खोडरबर चालवून घेत होते. पेन खाली ठेवलं. पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय बंद केली.

सुरुवात तक्त्याने केली. कोणती चाचणी पडली, किती वाजता, कोणत्या मशीनवर, तेव्हा पडद्यावर कोणतं पान होतं. आठवडाभर नुसतं लिहीत गेलो. मग दिसलं की वेळ आणि मशीन बदलतं, पण पडणारी पानं बहुतेक जड आहेत: मोठे आलेख, बऱ्याच प्रतिमा. साधं लॉगिनचं पान कधीच पडत नव्हतं.

दुसरा प्रश्न, माझ्या लॅपटॉपवर का होत नाही? सर्व्हरवर आमचा ब्राउझर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे एक बंद डबा. प्रोग्रॅमला लागणारं सगळं त्यात भरून दिलेलं असतं. आणि क्रोम ब्राउझर हा एकच प्रोग्रॅम नसतो. २००८ मध्ये तो आला तेव्हापासून त्याचं काम वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये वाटलेलं आहे, म्हणजे एक पान पडलं तर सगळा ब्राउझर पडू नये. या प्रक्रिया एकमेकींना मोठा ऐवज देतात तो सामायिक मेमरीतून. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आत आचारी, बाहेर वाढपी आणि मध्ये भांडी ठेवायचं टेबल. आचारी कितीही असोत, टेबल फूटभर असेल तर पंगत अडणारच. डॉकरमध्ये आपण वेगळं काही सांगितलं नाही तर हे टेबल फक्त ६४ एमबीचं असतं. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझर डब्याबाहेर चालत होता, तिथे टेबल ऐसपैस होतं.

कारण मिळालं असं वाटलं, तरी तिथेच थांबायचं नाही. माझ्या लॅपटॉपवर तसाच डबा केला, ६४ एमबीचा. पान कोसळलं. टेबल एक जीबीचं केलं, कोसळायचं थांबलं. पुन्हा ६४ केलं, पुन्हा कोसळलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बिघाड आपल्याला हवा तेव्हा घडवून आणता आला, म्हणजे कारण खरं. उपाय एका ओळीचा होता: डबा बनवतानाच टेबल मोठं मागायचं. दुसराही एक मार्ग आहे, ब्राउझरला ते टेबल सोडून साध्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहायला सांगायचं. आम्ही पहिला घेतला.

तरुण सहकारी खूश झाला. "बघा मॅडम, सर्व्हरचाच प्रॉब्लेम निघाला." त्याचं बरोबर होतं. पण त्या रात्री एक चाचणी तरीही लाल राहिली.

ती होती वॉर्डातल्या पानाची, जे नर्सच्या टेबलावर दिवसभर उघडं असतं आणि दर मिनिटाला नवे आकडे आणतं. चाचणीत ते पान काही तास तसंच उघडं ठेवलेलं असतं. या वेळी सामायिक मेमरीत जागा शिल्लक होती. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमची नोंदवही उघडली. लिनक्समध्ये मेमरी संपली की सिस्टीम स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकते आणि तशी नोंद ठेवते. नोंद होती. आमच्या पानाने डब्याला दिलेली सगळी मेमरी खाल्ली होती.

मग ते पान एकटंच चालवून दर दहा मिनिटांनी त्याची मेमरी मोजली. आकडा जिन्यासारखा वर जात होता, खाली यायचं नाव नाही. कारण आमच्याच कोडमध्ये होतं. दर मिनिटाला नवा आलेख काढला जायचा. जुना नजरेआड व्हायचा, पण मेमरीतून जायचा नाही. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर न काढता त्याच खिळ्यावर दर वर्षी नवं टांगत जावं आणि एक दिवस खिळाच उपटून यावा, तसं. हा सर्व्हरचा दोष नव्हता. हा आमचा होता.

दोन वेगळ्या कारणांनी ब्राउझर कोसळत होता आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसत होती. पहिल्याच्या आड दुसरं लपलं होतं, आणि दोन्हींवर आम्ही हिरवा रंग फासला होता.

मग मी मागच्या दोन आवृत्त्यांच्या जुन्या नोंदी काढल्या. ही चाचणी तेव्हाही पडली होती. चार वेळा. प्रत्येक वेळी पुन्हा चालवून पास केलेली. आणि एका रुग्णालयाची तक्रारही सापडली, "दुपारनंतर वॉर्डातलं पान पांढरं होतं." आमच्या मदत कक्षाने त्यांना उत्तर दिलं होतं, "पान रिफ्रेश करा." म्हणजे आम्ही जे मशीनला सांगितलं, तेच नर्सलाही सांगितलं. सुदैवाने एकही रिपोर्ट हरवला नव्हता, फक्त पडदा कोरा व्हायचा. पण कोऱ्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या नर्सला ते माहीत नसतं.

आमच्या क्षेत्रात थेराक-२५ या यंत्राची गोष्ट शिकवतात. कॅनडात बनलेलं, कर्करोगाच्या किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त किरणोत्सर्ग दिला, त्यातले काही दगावले. ते यंत्र अधूनमधून थांबायचं, पडद्यावर नुसता एक क्रमांक यायचा, आणि चालवणाऱ्यांना एक कळ दाबून पुढे जायची सवय झाली होती. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये अपघात झाला तेव्हा कंपनीच्या माणसांना तो बिघाड पुन्हा घडवता आला नाही. तो घडवून दाखवला तिथल्याच रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून. माहिती भरताना चूक झाली आणि ती फार झपाट्याने दुरुस्त केली की तो व्हायचा. आमचं सॉफ्टवेअर कुणाला किरण देत नाही, मी त्याची बरोबरी करत नाही. पण "पुन्हा चालवलं की चालतं" हे वाक्य मी आता सहज बोलू शकत नाही.

मी वरिष्ठांकडे गेले. दोष सांगितला, आणि पुन्हा चालवण्याची परवानगी मीच दिली होती हेही सांगितलं. नवी आवृत्ती नऊ दिवस उशिरा गेली. बैठकीत जे ऐकावं लागलं ते इथे सांगण्यासारखं नाही. जुन्या दोन्ही अहवालांना जोडपत्र लावावं लागलं: निकाल असा दिसला, प्रत्यक्षात असा होता, कारण हे, जबाबदार व्यक्ती ही. त्या शेवटच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. त्या तरुणाचं लिहिलं नाही. त्याने विचारलं होतं, हो मी म्हटलं होतं. ज्या रुग्णालयाची तक्रार होती तिथे मी स्वतः फोन केला. पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आमचं काही चुकत नव्हतं ना?" वर्षभर त्यांना वाटत होतं की त्यांनाच कॉम्प्युटर जमत नाही.

चाचणी पडली की ती पुन्हा चालवायला आता मनाई नाही. पण आधीचा लाल निकाल तसाच दिसत राहतो आणि त्यापुढे कारण लिहिल्याशिवाय अहवाल पुढे सरकत नाही. गटातली मुलं कुरकुर करतात. मग मी त्यांना प्रयोगवहीची गोष्ट सांगते. ती आता त्यांची इतकी पाठ झाली आहे की कुणी निकाल झाकायला गेलं तर दुसरा म्हणतो, "खिडकीसमोर धर रे."

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला तो दिवस आठवायचं काही कारण नाही. अशी रीडिंग पुसणारी दर वर्षी दहा तरी असतील. पण आईने माझी ती वही जपून ठेवली होती, आज मी आणली आहे. पुसलेला आकडा, त्यावरून मारलेली रेघ, तारीख, शेजारी माझ्या वाकड्या अक्षरात "स्क्रू सैल होता", आणि खाली तुमची लाल सही. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवते. सगळ्यांनी जरूर बघा. फक्त पानावर चहा सांडू नका, आणि सांडलाच तर पुसून ठेवू नका, मला सांगा.