मलिक अंबर आणि त्याचे शेजारी

आपल्या शहरातला भडकल दरवाजा १६१२ साली उभा राहिला, तो मोगल फौजेवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून. तो बांधणारा मलिक अंबर हाच या शहराचा संस्थापक. खडकी नावाच्या गावाला त्याने राजधानीची कळा आणली, आणि डोंगरातले पाणी जमिनीखालून वस्तीत खेळवणारी नहर-ए-अंबरी खोदली. दरवाजा आणि नहर या दोन गोष्टींपाशी त्याची ओळख बहुधा थांबते. आज मला बोलायचे आहे ते त्याने आपल्या शेजाऱ्यांचे काय केले याविषयी. कारण त्याने जिंकलेला मुलूख त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत दुसऱ्यांच्या हाती गेला. पण मोगलांचे दख्खनविषयीचे धोरण, विजापूरच्या आदिलशाहीची दिशा आणि मराठा सरदार घराण्यांचे बळ, या तिन्ही गोष्टी त्याच्या कारकिर्दीने जशा बदलल्या, तशा त्या पुन्हा कधी पूर्ववत झाल्या नाहीत. सेनापतीचे मोठेपण त्याच्या मुलखाच्या नकाशावरून मोजण्याची आपली सवय अंबरच्या बाबतीत अपुरी पडते, असे माझे म्हणणे आहे.

१६०० सालच्या ऑगस्टमध्ये अकबराच्या फौजांनी निजामशाहीची राजधानी, अहमदनगरचा किल्ला घेतला. किल्ला वर्षानुवर्षे झुंजवणारी चांदबीबी मारली गेली होती, बालराजा मोगलांच्या कैदेत होता, वऱ्हाड तर चार वर्षांपूर्वीच तहात गेला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे राजधानी पडली आणि राजा सापडला की राज्य संपले. ते संपले नाही, कारण एका हबशी सरदाराला राज्य म्हणजे काय याची वेगळी समज होती. अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, मोखा आणि बगदादमार्गे दख्खनला आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी कारभार शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर त्याने काही काळ विजापूरची चाकरीही केली. म्हणजे वारशाने आलेला वतनाचा एकही बिघा त्याच्याजवळ नव्हता, पण दोन दरबारांची आतली माहिती मात्र होती. त्याने राजघराण्यातला एक तरुण शोधून काढला, त्याला दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून परांड्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. किल्ला मोगलांकडे, पण छत्र आणि शिक्का अंबरकडे, अशी स्थिती झाली. सरदारांनी चाकरी कोणाची करायची आणि पाटील-देशमुखांनी वसूल कोणाला द्यायचा, या प्रश्नाला पुन्हा एक उत्तर मिळाले.

पुढची दहा वर्षे पाहिली की लढाई आणि बोलणी ही दोन्ही हत्यारे तो एकाच वेळी कशी वापरत होता ते दिसते. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांकडून त्याला मार बसला, तो स्वतः जखमी झाला; तेव्हा त्याने खानखानान अब्दुर रहीम याच्याशी सलोखा करून घेतला आणि मिळालेल्या उसंतीत दौलताबाद धरून बसलेला आपला प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्याकडे मोर्चा वळवला. १६०७ पर्यंत राजूचा निकाल लागला आणि जुन्नर हे राजधानीचे ठिकाण झाले. १६०९ मध्ये त्याने आपल्या मुलासाठी विजापूरच्या याकूतखान या बड्या अमिराची मुलगी केली आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडून कंधारचा किल्ला मिळवला. पाठ अशी सुरक्षित झाल्यावर तो उत्तरेकडे वळला. दख्खन दोन वर्षांत जिंकून देतो असे जहांगीरला वचन देऊन आलेला खानखानान ऐन पावसाळ्यात घाटांत अडकला. दाणावैरण तुटली, मागचा रस्ता बंद झाला, आणि त्याला नामुष्कीचा तह करून परतावे लागले. १६१० मध्ये अहमदनगर पुन्हा निजामशाहीत आले. त्यानंतर जहांगीरने गुजरातेतून अब्दुल्लाखान आणि वऱ्हाडातून दुसरी फौज अशी दुहेरी चाल आखली. अब्दुल्लाखान घाईने नाशिकमार्गे दौलताबादेकडे पुढे आला, अंबरच्या हलक्या स्वारांनी त्याच्या छावणीला रात्रंदिवस सतावले, आणि समोरासमोरची मोठी लढाई न देताच त्याला गुजरातेत पळवून लावले. भडकल दरवाजा त्या यशाचा.

या धक्क्यांनी मोगल बदलले, हा माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा. जहांगीरला अंबरचा इतका संताप होता की आपल्या आत्मवृत्तात तो त्याचा उल्लेख शिवीशिवाय क्वचितच करतो. त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, बादशहा अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडतो आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात अंबर कधीच मोगलांच्या हाती लागला नाही. चित्रापेक्षा महत्त्वाचे आहे ते धोरण. मोगलांनी ओळखले की दख्खनमध्ये किल्ले घेऊन भागत नाही. अंबरपासून त्याची माणसे आणि त्याचे शेजारी तोडावे लागतात. १६१६ मध्ये रोशनगावला शाहनवाजखानाने अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली, त्याआधी अंबरचे काही हबशी आणि मराठा सरदार मोगलांनी फोडले होते. १६१७ च्या तहात इब्राहिम आदिलशहाला मध्यस्थ करून अहमदनगर आणि बालाघाट परत मिळवले, त्याला ‘फर्जंद’ असा किताब दिला आणि शाहजादा खुर्रम या कामगिरीवर ‘शाहजहान’ झाला. तीन वर्षांत अंबरने विजापूर आणि गोवळकोंड्याला पुन्हा आपल्या बाजूला घेऊन बऱ्हाणपूरला वेढा घातला. १६२१ मध्ये शाहजहानला परत यावे लागले, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली आणि तिन्ही दख्खनी राज्यांवर मिळून पन्नास लाखांची खंडणी बसली. त्यात गोवळकोंड्याचे वीस, विजापूरचे अठरा आणि निजामशाहीचे बारा लाख होते. हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. लढाई अंबरची, पण मोगलांनी हिशेब तिघांचा एकत्र केला. दख्खन हा एकच प्रश्न आहे असे अंबरने त्यांना मानायला लावले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोगल दरबारातली भाऊबंदकी, शाहजादे आणि सरदारांमधले हेवेदावे, नंतर शाहजहानचे बंड, यांमुळेच अंबर तगला. त्यात त्याचे कर्तृत्व कितीसे, असे म्हणता येईल. शत्रूच्या घरातली फूट त्याला उपयोगी पडली यात शंकाच नाही. पण ही फूट बाकीच्या राज्यांसमोरही होती. वऱ्हाड अकबराने घेतला तेव्हा त्याचा मुलगा मुराद आणि खानखानान यांचे आपसात पटत नव्हते, तरीही अहमदनगरने तो गमावलाच. फुटीचा फायदा घ्यायला उभी फौज लागते, आणि फौजेला वेळेवर पगार. अंबरने मक्त्याने वसुली करण्याची पद्धत मोडली, जमिनीचा मगदूर पाहून धारा बांधला, गावच्या पाटलाला जबाबदार धरले पण त्याचा हक्कही राखला. पुणे परगण्यात पुढे शिवकाळापर्यंत मलिकंबरी धाऱ्याचा आधार घेतला जाई. राजधानी दोनदा जळूनही तो दोनदा उभा राहिला त्याचे कारण या धाऱ्यात आहे. मुतमदखान या मोगल इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती असे मोकळेपणाने लिहिले आहे. शत्रूपक्षाची ही साक्ष मी वजनदार मानतो.

आता विजापूर. अंबरच्या कारकिर्दीतला सगळ्यात झळाळता विजय आणि सगळ्यात मोठी चूक, दोन्ही इथेच आहेत. १६२३-२४ मध्ये शाहजहानच्या बंडामुळे मोगल सुभेदार महाबतखान याला दख्खनमध्ये मित्र हवा होता. अंबर आणि आदिलशहा, दोघांनीही हात पुढे केला. महाबतखानाने विजापूरचा धरला. आदिलशाहीची चांगली फौज मुल्ला मुहम्मद लारी याच्या हाताखाली बऱ्हाणपूरला गेली. अंबरने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी करार करून आपली पूर्वेची बाजू सांभाळली, बिदर लुटले आणि थेट विजापूरला वेढा घातला. लारी मोगल कुमक घेऊन धावत आला तेव्हा तो अहमदनगरजवळ भातवडीला सरकला आणि तिथल्या तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची वाट चिखलात बुडवली. पाऊस, उपासमार आणि रात्रीचे छापे यांनी संयुक्त फौज खिळखिळी झाली. लारी मारला गेला, मोगल-आदिलशाही सरदारांची रांगच्या रांग कैद होऊन दौलताबादला गेली. चाळीस वर्षांच्या दख्खनी युद्धात दोन मोठ्या सत्तांच्या एकत्रित फौजेचा असा पाडाव दुसरा दिसत नाही. पण त्यानंतर अंबर थांबला नाही. इब्राहिम आदिलशहाने हौसेने वसवलेले नवरसपूर त्याने लुटले, १६२५ मध्ये सोलापूर घेतले. सोलापूरसाठी ही दोन राज्ये कित्येक पिढ्या भांडत आली होती, म्हणून तो मोह समजण्यासारखा आहे. तरी मला वाटते, ज्या शेजाऱ्याच्या मैत्रीवर १६१० चा विजय उभा होता, त्याचे घर जाळून अंबरने आपल्याच राज्याची भिंत पाडली. मे १६२६ मध्ये तो वारला. विजापूरने त्यानंतर निजामशाहीला वाचवण्यासाठी मनापासून हत्यार उचलले नाही.

मराठा सरदारांचा मुद्दा नाजूक आहे. अंबर हा शिवाजी महाराजांचा गुरू, असे एक वाक्य आपल्याकडे सैलपणे फेकले जाते. महाराजांचा जन्म अंबरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी झाला, आणि डोंगरी मुलखात हलक्या घोडदळाने लढणे ही काही एका माणसाने शोधून काढलेली कला नव्हे. बर्गी स्वार त्याच्या आधीही होते. अंबरने जे केले ते वेगळे, आणि माझ्या मते अधिक खोल परिणामाचे आहे. जे स्वार पूर्वी मोठ्या फौजेच्या बाजूला असत, त्यांना त्याने युद्धाच्या मध्यभागी आणले. रसद तोडणे, मुलूख ओसाड करणे, शत्रूला थकवणे हीच मुख्य लढाई ठरली, तेव्हा ती करणाऱ्यांचे मोल वाढले. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव ही घराणी याच काळात अशी वजनदार झाली की तीन दरबार त्यांच्यासाठी बोली लावू लागले. लखुजी जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले आणि भातवडीला त्या बाजूने उभे होते. शहाजीराजे त्याच लढाईत अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. आणि वर्षभरात शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन विस्ताराने आले आहे. या येण्याजाण्याला नुसती बेइमानी म्हणणे अन्यायाचे होईल. अंबरने युद्धाचे स्वरूप बदलले, त्यातून या सरदारांना आपली किंमत कळली, आणि ती किंमत अंबरलाही चुकवावी लागली.

शेवटचा आक्षेप सर्वात कठीण आहे. हे सगळे एका माणसाच्या बळावर होते. तो गेल्यावर काय उरले? शिवाय ज्या राजाला त्याने गादीवर बसवले, त्या मुर्तझाला १६१० मध्ये डोईजड होताच त्यानेच दूर केले आणि दुसरे मूल बसवले. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. छत्र हातात ठेवण्याच्या युक्तीने राज्य वाचले, पण छत्राची प्रतिष्ठा आतून पोखरली गेली. अंबर गेल्यावर तीच युक्ती कमी शहाण्या हातांनी चालवली. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा निजामशहाच्या दरबारातच खून झाला. अंबरचा मुलगा फत्तेखान याने राजालाच मारले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना दिला. तरीही पद्धत इतकी मुरलेली होती की दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी तीच पुन्हा उचलली. निजामशाही वंशातले एक मूल गादीवर, सह्याद्रीतले किल्ले ताब्यात, हलके घोडदळ रानात, अशा तयारीने त्यांनी तीन वर्षे शाहजहानच्या फौजा झुंजवल्या. डाव अंबरचाच होता. उणीव होती ती विजापूरच्या अखेरपर्यंत टिकणाऱ्या पाठबळाची. १६३६ च्या तहाने मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली. उत्तरेची सीमा ठरल्यामुळे विजापूरच्या फौजा कर्नाटकाकडे वळल्या. माहुलीला शरण आलेल्या शहाजीराजांनाही तिकडेच पाठवण्यात आले. त्यांची पुणे-सुपे जहागीर मात्र त्यांच्याकडेच राहिली. ती नव्याने आखलेल्या सीमेच्या अलीकडे होती, मोगलांच्या लगत आणि विजापूरपासून दूर. निजामशाही गेल्यावर त्या डोंगराळ मुलखावर दोघांपैकी कोणाचीच पकड घट्ट बसलेली नव्हती.