नाताळ पाळणारे आणि न पाळणारे
(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण. तेव्हा ख्रिस्ती तो पाळतात आणि इतर पाळत नाहीत, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ही समजूत दोन्ही बाजूंनी अपुरी आहे. ख्रिस्तावर अढळ निष्ठा असलेल्या लोकांनी नाताळ हे पाप मानले, तो बंद करण्यासाठी कायदे केले, पाळणाऱ्यांना दंड ठोठावले. उलट, ज्यांचा ख्रिस्ताशी काडीचाही संबंध नाही असे असंख्य जपानी लोक त्या दिवशी केक कापतात आणि तळलेली कोंबडी खातात. ही कोंबडीची प्रथा एका अमेरिकी कंपनीने १९७४ साली सुरू केलेल्या जाहिरातीतून रुजली. म्हणजे श्रद्धा हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे हवे असेल तर त्या दिवसावर हुकमत कोणाची होती, राजाची, धर्मपीठाची, मालकाची की राबणाऱ्या माणसाची, हे तपासावे लागते. समाजवादी कार्यकर्त्याने या विषयात लक्ष घालावे ते याच कारणासाठी.

सतराव्या शतकातील इंग्लंडपासून आरंभ करणे सोयीचे. तेथील प्युरिटन, म्हणजे धर्मशुद्धीचा आग्रह धरणारे प्रॉटेस्टंट, यांचे म्हणणे सरळ होते. ख्रिस्ताचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये कोठेही सांगितलेले नाही. तो दिवस साजरा करा अशी आज्ञाही नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख सापडतो तो रोममधील इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. ईश्वराने नेमून दिलेला दिवस एकच, तो रविवार. बाकीचे सण माणसांनी निर्माण केलेले, आणि तेही रोमच्या जुन्या मूर्तिपूजक उत्सवांच्या दिवसांत. शिवाय त्या निमित्ताने दारू, जुगार आणि धिंगाणा. या युक्तिवादातील पहिला भाग आजच्या बुद्धिवाद्यालाही खोडून काढता येणार नाही. मात्र युक्तिवाद बरोबर असणे आणि तो दंडुक्याच्या जोरावर लादणे यांत जे अंतर आहे ते प्युरिटनांना दिसले नाही.

अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीत १६२१ साली घडलेला एक प्रसंग तेथील गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. नाताळच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे सर्वांना कामावर बोलावले. नुकत्याच जहाजातून उतरलेल्या बऱ्याच जणांनी सांगितले, की या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. गव्हर्नरांनी त्यांना मोकळे सोडले आणि बाकीच्यांना घेऊन ते कामावर गेले. दुपारी परत येऊन पाहतात तो ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळत होती. गव्हर्नरांनी खेळाचे साहित्य काढून घेतले आणि सुनावले, की इतर लोक राबत असताना तुम्ही खेळावे हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. श्रद्धा असेल तर घरात बसून पाळा, रस्त्यावर मात्र मौज चालणार नाही! ब्रॅडफर्ड यांनी हे थोड्या विनोदाने लिहिले आहे. पण ज्यांचे चेंडू गेले त्यांना विनोद कितपत जाणवला असेल हा प्रश्नच आहे. पुढे १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला. तो १६८१ पर्यंत टिकला.

इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटने जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि इतर सण वटहुकमाने रद्द केले. या वटहुकमातील एक तरतूद कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. सण गेले की सणाची सुट्टीही जाते, आणि ती जाते नोकरांची, उमेदवारांची आणि विद्यार्थ्यांची, हे पार्लमेंटच्या ध्यानात आले होते. लंडनच्या उमेदवारांनी तशी मागणीही केली होती. म्हणून प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार हा या लोकांच्या करमणुकीचा दिवस ठरविण्यात आला. धर्माशी संबंध नसलेली, कायद्याने दिलेली, दरमहाची सुट्टी ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. तरीही लोकांनी नाताळ सोडला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या नगरप्रमुखाने दुकाने उघडी ठेवण्याचे फर्मान काढले. लोकांनी उघडलेली दुकाने उधळली, भर रस्त्यात फुटबॉल आणला आणि दंगल उसळली. जी प्रजा एरवी पाद्र्याच्या प्रवचनाला कंटाळत असे तीच सणासाठी रस्त्यावर उतरली. या असंतोषाचा फायदा अर्थातच राजाच्या पक्षाने घेतला. पुढच्याच वर्षी केंट परगण्यात जो उठाव झाला त्याची मुळे या दंगलीत होती. लोकांच्या सणावर घाव घालणारा सुधारक लोकांना प्रतिगाम्यांच्या छावणीत कसा लोटतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

१६६० मध्ये राजेशाही परतली, नाताळ परतला. मात्र प्युरिटनांना जे साधले नाही त्याचा बराचसा भाग भांडवलशाहीने शांतपणे साधला. बँक ऑफ इंग्लंडमध्ये पूर्वी संतांच्या दिवसांसह वर्षाला तेहतीस सुट्ट्या असत. १८३४ मध्ये त्यांतील अवघ्या चार उरल्या. सुदैवाने नाताळ त्या चारांत होता. १८३३ च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतील मुलांना नाताळ आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांची पूर्ण सुट्टी दिली, म्हणजे तोवर ती हक्काची नव्हती. चार्ल्स डिकन्स यांच्या नाताळावरील सुप्रसिद्ध कथेत (१८४३) कंजूष मालक आपल्या कारकुनाला वर्षातून एक दिवसाची भरपगारी रजा देताना खळखळ करतो, ती याच जमान्यातील. या कथेतील भूतांची चर्चा फार होते, रजेची होत नाही. स्कॉटलंडमध्ये तर प्रेस्बिटेरियन चर्चच्या प्रभावामुळे नाताळ हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये. तोवर तेथील कितीतरी कामगार २५ डिसेंबरला नित्याप्रमाणे कामावर जात आणि आपला आनंद वर्षअखेरीच्या रात्रीसाठी राखून ठेवीत.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचतो. मुंबईला १८१३ मध्ये जे अमेरिकन मिशनरी आले, ज्यांच्या मराठी मिशनने पुढे अहमदनगर भागात शाळा आणि मंडळ्या उभ्या केल्या, ते न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल चर्चचे, म्हणजे त्याच प्युरिटनांचे वारस होते. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची कायदेशीर सुट्टी १८५६ मध्ये आली. १८१३ मध्ये त्या पंथात नाताळ सामान्यतः पाळला जात नसे. मुंबईत शिक्षणाचे मोठे कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होते. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट धर्म आणणाऱ्या या दोन्ही प्रमुख प्रवाहांची मायभूमी नाताळाकडे पाठ फिरवलेली होती! आज नगर जिल्ह्यातील खेड्यात चर्चवर कागदी चांदणी टांगली जाते, तबला-पेटीवर भजने होतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

‘नाताळ’ हा शब्द मात्र या मिशनऱ्यांचा नाही. तो पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याच्यासोबत एक वेगळाच इतिहास आला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. गोवा १९६१ पर्यंत. तेथे नाताळ हा राज्यकर्त्यांचा सण होता आणि इतरांच्या चालीरीती हा गुन्हा. गोव्याच्या धर्मसमीक्षण संस्थेने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांतील लग्नाच्या जुन्या रीती, गाणी, एवढेच काय, पण अंगणातील तुळसदेखील निषिद्ध ठरवली. लंडनच्या पार्लमेंटने नाताळावर बंदी घातली आणि गोव्यातील धर्मसत्तेने तुळशीवर. दोहोंत नाते आहे ते सत्तेच्या स्वभावाचे. त्या सत्तेचा अंमल संपून कितीतरी काळ लोटला, आणि २०१४ पासून भारतात काही मंडळी २५ डिसेंबर हाच दिवस ‘तुळशीपूजन दिवस’ म्हणून पाळू लागली आहेत. तुळशीला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पाणी घालणाऱ्या बाईला त्यासाठी ही विशिष्ट तारीख कधी लागली नव्हती.

ख्रिस्ती असूनही नाताळ न पाळणारे आजही आहेत. यहोवाचे साक्षीदार म्हणून ओळखला जाणारा पंथ १९२६ पासून तो पाळत नाही. कारणे जवळपास प्युरिटनांचीच. फरक एवढाच, की या पंथाने आपला नकार इतरांवर कधी लादला नाही. केरळमधील याच पंथाच्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गाण्यास नकार दिला म्हणून १९८५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्या. ओ. चिनप्पा रेड्डी यांच्या या निकालपत्राने मौनाच्या हक्काला संरक्षण दिले. न पाळण्याचा हक्क हा पाळण्याच्या हक्काचाच दुसरा चेहरा आहे हे या निकालावरून ध्यानात येते; आणि तो हक्क मिळवून देणारे लोक संख्येने अगदी मूठभर होते.

आता समाजवादाच्या नावाने चालणाऱ्या राजवटींनी काय केले तेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सोव्हिएत युनियनमध्ये १९२९ च्या सुमारास धार्मिक सणांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. त्याच वेळी अखंड उत्पादनासाठी पाच दिवसांचा आठवडा आला, त्यात कामगारांच्या सुट्ट्या निरनिराळ्या दिवशी वाटल्या गेल्या. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. नाताळच्या झाडालाही भटांचे अवशेष ठरवून हद्दपार करण्यात आले. मग २८ डिसेंबर १९३५ च्या ‘प्रावदा’त पावेल पोस्तिशेव या नेत्याचे पत्र छापून आले: मुलांना झाडाचा आनंद का नाकारावा? झाड परत आले, पण ‘नववर्षाचे झाड’ म्हणून. खुद्द पोस्तिशेव यांना पुढे स्टालिनच्या शुद्धीकरणात १९३९ मध्ये गोळी घालण्यात आली. १ जानेवारीची सुट्टीसुद्धा कामगारांना १९४७ च्या अखेरच्या निर्णयापर्यंत लाभली नाही. क्यूबात १९६९ मध्ये कारण देण्यात आले उसाच्या तोडणीचे. एक कोटी टन साखरेचे लक्ष्य होते, तेव्हा नाताळाला हात थांबवणे परवडणारे नव्हते. साखर झाली सुमारे ८५ लाख टन. सुट्टी कायमची परत मिळाली ती १९९८ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीनंतर. गव्हर्नर ब्रॅडफर्ड ईश्वराच्या नावाने जे बोलले तेच हवानात उत्पादनाच्या नावाने बोलले गेले, आणि ते बोलणारे आपल्याच घरातले होते. कामगारांची सुट्टी मागणाऱ्या चळवळीने कामगारांची सुट्टी काढून घ्यावी आणि ती परत देण्याचे श्रेय पोपना मिळावे, याहून मोठा पराभव कोणता?

भारताची गोष्ट निराळी असायला हवी होती. येथे नाताळची सुट्टी इंग्रजांनी आणली खरी, पण तिचा उपयोग भारतीयांनी स्वतःच्या पद्धतीने केला. कचेऱ्या आणि न्यायालये बंद असत म्हणून काँग्रेसची अधिवेशने वर्षानुवर्षे डिसेंबरच्या अखेरीस भरत; १८८५ चे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबरला सुरू झाले. कम्युनिस्टांची १९२५ ची कानपूर परिषद नाताळच्याच आठवड्यातील. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. तो दिवस आज स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळला जातो. सीमेपलीकडे पाकिस्तानात हाच दिवस जीनांचा जन्मदिन म्हणून सुट्टीचा आहे. एकाच तारखेवर इतक्या जणांचा हक्क असू शकतो आणि कोणाचा कोणाला अडथळा होण्याचे कारण नाही.

अडथळा निर्माण केला जातो तेव्हा गोष्ट बदलते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्मदिन म्हणून २५ डिसेंबर हा ‘सुशासन दिन’ ठरवला. सुट्टी यादीत राहिली, पण सरकारी कार्यक्रम त्याच दिवशी आले. डिसेंबर २०२१ मध्ये आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळले गेले, गुरुग्रामजवळ पतौडीत प्रार्थनेचा कार्यक्रम उधळला गेला, अंबाल्यात चर्चच्या आवारातील ख्रिस्ताची मूर्ती फोडली गेली. कँटरबरीच्या नगरप्रमुखाकडे निदान पार्लमेंटचा वटहुकूम होता. येथे कायदा पाळणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि जमाव रस्त्यावर आहे.

अशा वेळी नास्तिक कार्यकर्त्याने चर्चच्या दारात उभे राहावे का, असा प्रश्न शिबिरांत विचारला जातो. प्रार्थनेत त्याने सहभागी होण्याचे कारण नाही. पण दार मोकळे राहील याची काळजी घेणे हे त्याचे काम आहे. ज्याला न पाळण्याचे स्वातंत्र्य हवे त्याने ते पाळणाऱ्याच्या दारातच राखायचे असते.

आणखी एक काम याहून कमी धाडसाचे, म्हणून सहज विसरले जाणारे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्यासाठी २०१७ मध्ये झालेल्या कायद्यानुसार कामगारांना वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी मालक कागद लिहितो आणि कामगार सही करतो. जेथे संघटना आहे तेथे हे चार दिवस बहुमताने ठरतात. मग पन्नास जणांच्या दुकानातील दोन ख्रिस्ती मुलींचा नाताळ, तीन मुसलमान पोरांची ईद आणि बौद्ध कामगारांचा १४ एप्रिल यांचे काय होते, हे प्रत्येक शाखेने आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे. हे कागद डिसेंबरातच तयार होतात.