पत्त्याचा रकाना

मी सॉफ्टवेअर लिहितो. पत्ता भरल्याशिवाय पुढे न सरकणारे फॉर्म मीही बनवलेत. स्टेशनबाहेर झोपणाऱ्या एका चाचांनी विचारलं, "बेटा, पता क्या लिखूँ?" मी गप्प.

थंडीत आपण ब्लँकेटं वाटतो. वाटावीतच, फोटो तेवढे नकोत. पण चाचांना मतदारयादीत नाव हवंय. नगरसेवक मतदारांच्याच दारात जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

निवडणूक आयोगाने सोय ठेवलीय. बेघराने फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. बूथ लेव्हल अधिकारी रात्री तिथे येऊन खात्री करतो. मग पत्त्याचा कागद लागत नाही. पण नेमकं त्याच रात्री पोलिसांनी उठवलं तर?

शनिवारी रात्री दहाला फॉर्म घेऊन मी चाचांकडे जातोय. कोण येतंय?