न मिळालेली पदके



या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा तत्त्वज्ञान किंवा इतिहास असा भारदस्त विषय घेऊन येतात. आम्ही मात्र एक तक्रार घेऊन आलो आहोत. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दरवर्षी ऐकू येते. चित्रपटांचे पुरस्कार जाहीर होतात आणि हातातले वर्तमानपत्र बाजूला टाकून कोणीतरी म्हणते, "आणि त्याला काहीच नाही?" ही चिडचीड नुसती हौशी माणसाची कुरकुर आहे, की तिच्यात काही तथ्य आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

उदाहरणादाखल आम्ही मुख्यत्वे एकाच नटाकडे पाहणार आहोत. १९५३ साली बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पडद्यावर आला. जमीनदाराच्या कर्जापायी दोन बिघे जमीन जाऊ पाहते, ती वाचवण्यासाठी शंभू नावाचा शेतकरी कलकत्त्याला जातो आणि तेथे रिक्षा ओढू लागतो. हा शंभू झाले होते बलराज साहनी. शांतिनिकेतनात शिकवलेला आणि लंडनला बीबीसीवर काम केलेला हा गृहस्थ! पण भूमिका हाती येताच ते मुंबईच्या जोगेश्वरी भागात उत्तरेकडून आलेल्या गवळ्यांच्या वस्तीत जाऊन बसू लागले. ती माणसे कशी बसतात, कशी बोलतात, डोक्याला फडके कसे गुंडाळतात, हे पाहू लागले. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यावर त्यांनी रिक्षा स्वतः ओढली. तेथे एका वृद्ध रिक्षावाल्याला त्यांनी चित्रपटाची कथा सांगितली, तेव्हा ही तर माझीच कहाणी, असे म्हणून तो रडला. ही हकीकत साहनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आता पदकांचा हिशेब पाहा. १९५४ साली फिल्मफेअरचे पुरस्कार प्रथमच देण्यात आले. पुरस्कार अवघे पाच. 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, बिमल रॉय सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक दिलीपकुमारांना 'दाग'साठी मिळाले. कॅन येथेही त्या चित्रपटाचा गौरव झाला. ज्याच्या खांद्यावर ती रिक्षा होती, तो मात्र रिकाम्या हाताने परतला.

त्याच वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आपल्या आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. महाराष्ट्राची छाती अभिमानाने फुगली, आणि ते योग्यच झाले. पण त्या आईचे काम करणाऱ्या वनमालाबाईंना अभिनयाचे पदक मिळाले नाही. मिळणार कसे? अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कारच तेव्हा नव्हता. तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. म्हणजे पुष्कळदा दोष परीक्षकांचाही नसतो. पान वाढण्यापूर्वीच पाहुणा येऊन गेलेला असतो.

पुढे पान वाढले गेले, तरी साहनींची उपेक्षा संपली नाही. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'त त्यांनी आग्र्याचा जोडे बनवणारा सलीम मिर्झा उभा केला. फाळणीनंतर नातेवाईक एकेक करून निघून जातात, धंदा बसतो, वडिलोपार्जित घर सुटते, शेवटी मुलगी जीव देते. एवढे आघात होऊनही हा माणूस आक्रोश करीत नाही. तो उभा राहतो आणि पाहतो. १३ एप्रिल १९७३ रोजी साहनी वारले. चित्रपट पडद्यावर आलेला त्यांना पाहता आला नाही. 'गर्म हवा'ला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरने कथा, पटकथा आणि संवाद यांना गौरविले. अभिनयाच्या नावाने पुन्हा शून्य!

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७३ सालचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार 'निर्माल्यम्' या मलयाळम चित्रपटासाठी पी. जे. अँटनी यांना मिळाला, आणि देवीचा कौल सांगणारा तो दरिद्री माणूस ज्याने पाहिला आहे, तो हे पदक अपात्री गेले असे म्हणणार नाही. आसन एक आणि योग्य माणसे दोन, म्हटल्यावर एकाने उभे राहणे आलेच.

तेव्हा आमची तक्रार परीक्षकांच्या लबाडीबद्दल नाही. तक्रार आहे ती आपल्या सर्वांच्याच नजरेबद्दल. जो नट ओरडतो, रडतो, वेष पालटतो, त्याचे श्रम दिसतात. ज्याने श्रम पुसून टाकले, त्याच्याबद्दल आपण म्हणतो, "हा तर तसाच आहे, यात अभिनय कसला?" साहनी शंभू दिसले, हीच त्यांची चूक झाली! मग वर्षे जातात, समाजाला चुटपुट लागते आणि जुने देणे उशिरा फेडले जाते. सौमित्र चटर्जी १९५९ साली 'अपूर संसार'मधून आले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना २००६ सालच्या 'पदक्षेप'साठी मिळाला. मध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली. साहनींना तर तेवढे आयुष्यच मिळाले नाही.

कोणी विचारील, पदकावाचून काय अडले? शंभू तर आजही जिवंत आहे. खरे आहे; पण अर्धेच खरे आहे. पदक मिळालेले काम पुढच्या पिढीला कोणीतरी दाखवतो. न मिळालेले काम आपण सांगितले नाही तर विसरले जाते. नव्या नटालाही त्यातून धडा मिळतो की, ओरडल्यावाचून कोणी पाहत नाही. हे नुकसान साहनींचे नाही, आपले आहे.

म्हणून आमची एकच विनंती आहे. पुढच्या वर्षी यादी वाचून चिडाल, तेव्हा अवश्य चिडा. पण तेथेच थांबू नका. ज्याला वगळले त्याचा चित्रपट घरातल्या मुलांना दाखवा, आणि "काय काम केले आहे!" एवढ्यावर भागवू नका. कोणत्या क्षणी तो गप्प राहिला, कोणत्या क्षणी त्याने मान फिरवली, हे बोट ठेवून दाखवा. पदक द्यायला समिती लागते. साक्ष द्यायला तुम्हीआम्ही पुरेसे आहोत.